सूचना क्रमांक तीन

जोतीराम सुभेदारांनी मनाशी मांडलेला हिशेब असा होता की एका कागदात तीन गोष्टी पदरात पडतात. पहिली, भैरोबाच्या यात्रेला साठ घरच्या पाहुण्यांना फोन करकरून दरसाल घसा बसायचा, तो बसणार नव्हता. दुसरी, गणवेशातला, छातीवर पदकं लावलेला त्यांचा फोटो साठ घरांच्या भिंतींवर वर्षभर लटकणार होता, तोही ज्याच्या त्याच्या खिळ्याला. तिसरी गोष्ट ते कुणाला बोलले नव्हते, पण खरी कमाई तीच होती. वडूजचा मेव्हणा केरबा, त्यांनी तोंड न उघडता, यात्रेच्या पंगतीत येऊन बसणार होता.

आणि खर्चाच्या बाजूला काय? सुनेच्या दोन संध्याकाळी आणि आष्ट्याच्या झेरॉक्सवाल्याची थोडी रंगीत शाई. असा सौदा माणसानं सोडायचा म्हणजे वेडेपणा.

केरबा चार वर्षं रुसून होता. लॉकडाउन उठल्यावरची ती पहिली यात्रा. सुभेदारांनी नुकताच नवा फोन घेतलेला. एकेकाला कुठं फोन करत बसायचं, म्हणून त्यांनी ग्रुपवर टाकून दिलं, 'सर्व पाहुण्यांनी यात्रेस सहकुटुंब यावे,' खाली दोन गुलाब आणि जोडलेले हात. सगळे आले, केरबा आला नाही. सुभेदारांच्या बायकोनं, शालूबाईंनी, धाकट्या भावाला फोन लावून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आक्का, सगळ्यास्नी धाडलेल्या मेसेजवर जेवायला यायला मी काय बँकेचा गिऱ्हाईक हाय व्हय? दाजींनी तोंडानं 'ये' म्हणावं. त्याच मिनिटाला गाडीला किक मारतो."

मागणी बघायला गेलं तर एका अक्षराची. पण सुभेदारांनी सगळ्या नोकरीत हुकूम घेतले होते आणि हुकूम दिले होते. विनंती नावाचा प्रकार पलटणीच्या कुठल्याच कोर्सात शिकवलेला नव्हता. शिवाय ज्या पोराचं नाक पुसलेलं त्यांना आठवत होतं, त्याला आता 'ये बाबा' म्हणायचं, म्हणजे मागचं चुकलं असं कबूल करण्यासारखंच. त्यांनी म्हटलं नाही. एक वर्ष गेलं, मग दुसरं गेलं, आणि मग न म्हणणं हीच घरातली रीत होऊन बसली.

शालूबाईंनी यावर कधी भांडण काढलं नाही. त्या फक्त एक करायच्या. पौर्णिमेला पालखी आणि पुरणाचा गोडा नैवेद्य झाला, की दुसऱ्या दिवशी मटणाचा खारा नैवेद्य असतो. त्या पंगतीत सुभेदारांच्या शेजारी एक ताट जास्तीचं वाढायच्या आणि त्यावर दुसरं ताट उपडं घालायच्या. पंगत उठली की ते झाकलेलं ताट तसंच उचलून आत न्यायच्या. तोफखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला त्या दोन ताटांचा एकमेकांवर बसतानाचा आवाज सोसत नव्हता.

गेल्या साली तो आवाज ऐकून सुभेदार बोलून गेले. म्हणाले, "फुडल्या यात्रंला तुझा भाऊ या ताटावर बसलेला असंल. आन् मी त्याला बोलवायला जाणार न्हाई, फोन करणार न्हाई."

शालूबाईंनी ताट खाली ठेवलं. "आन् न्हाई बसला तर?"

"न्हाई बसला तर तू सांगशील त्ये करीन."

"बगा हां," एवढंच म्हणून त्या ताट घेऊन आत गेल्या. बायको 'बगा हां' म्हणते तेव्हा ती गोष्ट कुठंतरी जपून ठेवली जाते, हे सुभेदारांना तीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. कुठं ठेवली जाते ते मात्र अजून सापडलं नव्हतं.

आता कागदाचं. मुलगा धनाजी फौजेतच, राजस्थानात. त्याची बायको सोनम घरी. ती आष्ट्याच्या एका सीएचं काम लॅपटॉपवर घरबसल्या करायची. तिनंच घरातल्या सगळ्यांच्या फोनवर एक कॅलेंडर चालू केलं होतं आणि पुढच्या बैठकीच्या सोप्यातल्या टीव्हीला जोडून दिलं होतं. डाव्या बाजूला महिना, उजव्या बाजूला टिपणं. शेतीची लाइट या आठवड्यात दिवसाची की रात्रीची, गॅसला नंबर कधी लावला, आबांची, म्हणजे सुभेदारांची, बीपीची गोळी. सुभेदार त्याला टिपणं म्हणत नसत, 'सूचना' म्हणत, आणि रोज सकाळी दाढी करून टीव्हीपुढं हजेरीला उभं राहिल्यासारखे उभे राहत.

शालूबाईंना टाइप करायला येत नसे, पण त्यांनी सुनेकरवी एकदा टाकलं होतं, 'लाडवाचा डबा संपला, कोण खातंय ते बघावे.' ते दुपारी टीव्हीवरून नाहीसं झालं. मात्र त्या जागी फोनवाल्यांनी आपणहून लिहिलं, 'जोतीराम यांनी ही नोंद काढली.' डब्याचा तपास तिथंच संपला.

यात्रेची नोंद सुभेदारांनी आदल्या वर्षीच आपल्या हातानं घातली होती. तेव्हा यात्रा बारा एप्रिलला आणि खारा नैवेद्य तेराला होता. फोननं विचारलं, पुन्हा कधी? त्यांनी 'दरवर्षी' वर बोट टेकवलं. त्यावरूनच पाहुण्यांना वाटायचं नव्या वर्षाचं भिंतीवरचं कॅलेंडर छापायची वेळ आली, तेव्हा सोनम म्हणाली, "आबा, यात्रा तिथीवर असते. तारीख सरकंल की."

"सव्वीस जानेवारी सरकती काय?"

"सव्वीस जानेवारीला तिथी नसती, आबा."

"अगं, त्यात मी चैत्र पौर्णिमा असं लिवलंय न्हवं? मिरजंला निघालो तर वाटंत कुठं गर्दी हाय त्ये सांगतंय ह्ये यंत्र, त्येला पौर्णिमा कळंना व्हय?"

सोनम लॅपटॉपकडं वळली. सासऱ्याला एकदा सांगणं हे सुनेचं कर्तव्य आणि दोनदा सांगणं हे भांडण, हा भेद तिनं पहिल्याच वर्षात शिकून घेतला होता. प्रत्येक महिन्याला एक पान, डावीकडं चौकटी, उजवीकडं सूचना, वर सुभेदारांचा फोटो, असं तिनं सगळं नीट मांडून दिलं आणि ती दुधाला गेली. ती गेल्यावर सुभेदारांनी चष्मा लावला, लॅपटॉप पुढं ओढला आणि एका बोटानं एप्रिलच्या पानावर सूचना लिहिल्या. पहिली, 'यात्रेचा खारा नैवेद्य. जेवण दुपारी बारापासून.' दुसरी, 'हेच आमंत्रण समजावे. वेगळा फोन होणार नाही.' मग थोडं थांबून, दाराकडं एकदा बघून, तिसरी. 'रुसलेल्यांनीही याच तारखेस यावे. नंतर सबब चालणार नाही.'

ही तिसरी सूचना एका माणसासाठी होती. पण ती छापली गेली साठ प्रतींवर.

आता साठ घरांत काय झालं ते ऐका. तारखा कुणीही वाचल्या नाहीत. गावची यात्रा चैत्र पौर्णिमेला असते हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक, त्यासाठी कागद कोण बघतो. पण सूचना सगळ्यांनी वाचल्या, मोठ्यानं वाचल्या, आणि तिसरीला येऊन सगळे थांबले. रुसलेलं म्हणजे कोण?

तीन घरं सोडून राहणारा चुलतभाऊ आकाराम विचारायलाच आला. सुभेदार म्हणाले, असंल कोनीतरी. आकाराम घरी गेला, जेवायला बसला, आणि घास तोंडाशी नेताना त्याच्या ध्यानात आलं की सुभेदारांच्या नव्या गोठ्याच्या वास्तुशांतीला आपल्याला दुसऱ्या पंगतीत बसवलं होतं. दोन वर्षं झाली त्या गोष्टीला आणि आपण अजून रुसलो नाही. तो त्याच संध्याकाळपासून रुसला. तासगावच्या आत्यानं फोन करून विचारलं, ती सूचना माझ्यासाठी आहे का? सुभेदारांनी घाईघाईनं नाही म्हटलं, तर ती जास्तच बिघडली. म्हणजे मी एवढी वर्षं रुसलेय त्याची तुम्हाला गंधवार्ता नाही. मिरजेच्या व्याह्यांनी, म्हणजे सोनमच्या वडिलांनी, फार आदरानं चौकशी केली आणि त्याहून आदरानं बोलणं कमी केलं. संक्रांतीपर्यंत एका रुसव्याचे नऊ झाले. पंधरा दिवसांत नऊपट परतावा देणारी पतसंस्था अख्ख्या वाळवा तालुक्यात नसेल.

ज्याच्यासाठी हा सगळा उद्योग, त्याची प्रत सुभेदारांनी वडूजच्या एसटीच्या कंडक्टरकडं दिली होती. ती पोचली, असं केरबाची बायको बनाबाईनं नणंदेला कळवलं. कुठं लावली विचारल्यावर म्हणाली, लावलीय की, शेळ्यांच्या गोठ्यात.

शिमगा झाला आणि देवळात गावची बैठक बसली. पालखी दोन एप्रिलला, खारा नैवेद्य तीनला. सुभेदार बैठकीतून उठले ते तडक घरी येऊन टीव्हीपुढं उभे राहिले. टीव्हीवर तेरा. सोनम लॅपटॉपमध्ये इतकी गढून गेली होती की एवढं काम त्या सीएनं तिला जन्मात दिलं नसेल.

"ह्ये सरकलं न्हाई," सुभेदार म्हणाले.

"न्हाई सरकलं," सोनम म्हणाली.

साठ घरांना फोन करून तारीख दुरुस्त करावी तर सूचना क्रमांक दोन आड येत होती, वेगळा फोन होणार नाही. स्वतःचाच हुकूम स्वतः कसा मोडायचा? बाकीचे तिथीवर येतीलच. राहिला केरबा. त्याला तारीख कळवायला फोन करणं म्हणजे त्याला बोलावणं. ते तर होणार नव्हतं. शालूबाईंनी विचारलंच, "केरबाला कळवलं का?" सुभेदार म्हणाले, त्येला तिथी पाठ हाय. फोनमध्ये त्यांनी नवी तारीख घातली आणि जुनी काढायला गेले, तर फोन विचारायला लागला, 'फक्त ही नोंद काढायची की यापुढच्या सर्व?' यापुढच्या सर्व यात्रा काढायच्या म्हणजे भैरोबाच्या दारात काय तोंड दाखवायचं. त्यांनी घाबरून फोन बंद केला. जुनी नोंद तशीच राहिली.

तीन एप्रिलला सगळे आले. नऊ रुसलेलेही आले, रुसलेल्या तोंडानं बसले आणि रुसलेल्या तोंडानंच दोनदा रस्सा मागून घेतला. आकारामला सुभेदारांनी स्वतः पहिल्या पंगतीत बसवलं, पण तो गर्दीत सरकत सरकत आपणहून दुसऱ्या पंगतीत गेला. नवा रुसवा, इतक्यात कोण मोडतो.

सुभेदारांच्या शेजारचं ताट शेवटपर्यंत झाकलेलंच राहिलं.

पंगत उठल्यावर शालूबाई आल्या, वाकल्या, ताट उचललं. "हरलात," त्या म्हणाल्या.

"सांग. काय करायचं सांग," सुभेदार म्हणाले. गोळी खायची तर पटकन खावी, असा त्यांचा शिरस्ता.

"सांगंन की. घाई काय हाय."

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. चहाचा कप समोर आला तरी दचकायचे, आता सांगते की काय. त्या काहीच सांगत नव्हत्या. उलट गोड बोलत होत्या.

तेरा एप्रिल उजाडला. सोमवार, त्यात एकादशी. सुभेदारांच्या घरात सोमवारी अंडंसुद्धा फुटत नाही, आणि एकादशीला तर सगळी आळीच उपासाला असते. सुभेदार दाढी करून सोप्यात बसले होते. तेवढ्यात टीव्ही टुंग असा वाजला आणि पडद्यावर ठळक अक्षरं आली, 'आज : भैरोबा यात्रा. खारा नैवेद्य. पाहुणे साठ.'

सुभेदार ते बंद करायला रिमोट शोधत असतानाच बाहेर हलगी कडाडली.

आधी त्यांना वाटलं, हा आवाजही टीव्हीतूनच येतोय. मग आळीतली कुत्री भुंकायला लागली. दारात दोन पिकअप गाड्या येऊन थांबल्या होत्या. पहिलीतून बनाबाई, तिच्या जावा, पोरंबाळं उतरली. दुसरीतून भाऊबंद, एक हलगीवाला आणि कपाळाला गुलाल फासलेला एक काळाभोर बोकड. वीस-पंचवीस माणूस होतं. सगळ्यांत शेवटी गुलाबी फेटा बांधलेला केरबा उतरला. काखेत कागदाची गुंडाळी.

त्यानं आधी बहिणीच्या पायाला हात लावला. शालूबाईंच्या हातात वरीचे तांदूळ निवडायचं सूप होतं, ते तसंच हातात राहिलं. मग तो सोप्याच्या पायरीशी येऊन थांबला, वर चढला नाही.

"दाजी, उशीर तर न्हाई झाला? बारापासनं म्हनलंय."

"केरबा," सुभेदार म्हणाले, "यात्रा झाली की गड्या. कवाच झाली."

"कुनाची झाली?" केरबानं गुंडाळी उलगडून एप्रिलचं पान वर धरलं. "ह्यो तुमचा फोटू. ह्यो तेरा आकडा. आन् ही खाली सूचना, रुसलेल्यांनी याच तारखेस यावे. मी रुसलोय. याच तारखेस आलोय. सबब काय न्हाई."

आळीतली माणसं एव्हाना गोळा झाली होती. उपासाच्या दिवशी पोटाला काम नसतं, त्यामुळं कानाला जास्त असतं. आकाराम सगळ्यांत पुढं होता.

"चैत्र पौर्णिमेला यात्रा असती, तुला म्हाईत न्हवती तिथी? तुझ्या बहिणीला दिल्यापासनं येतोस तू."

"तिथी म्हाईत हुती, दाजी. पर तिथीनं कुठं मला बोलवलं? मला कागदानं बोलवलं." केरबानं मान वाकडी करून आत बघितलं. "आन् ह्ये बगा की, तुमच्या टीव्हीवर बी हाय. आज यात्रा. पाहुणे साठ. आमी तर निम्म्यानंबी न्हाई."

टीव्हीनं ऐकल्यासारखं पुन्हा टुंग केलं.

सुभेदारांच्या लक्षात आलं की हा माणूस तीन महिने शेळ्यांच्या गोठ्यात बसून हे पान वाचत होता. शत्रूनं आपलाच नकाशा घेऊन आपल्यावर चाल करावी, तसं झालं होतं. आज सोमवार आहे, त्यांनी सांगून पाहिलं. एकादशी आहे, आळीत कुणाच्या चुलीवर कांदासुद्धा चढत नाही, सांगून पाहिलं. केरबा सगळ्याला मान हलवत होता आणि पान खाली घेत नव्हता.

"मंजे तारीख चुकली म्हना."

आता छापणाऱ्यावर ढकलणं सोपं होतं. सुभेदारांची नजर क्षणभर आतल्या दाराकडं गेली. दारात सोनम उभी होती. त्यांच्याकडंच बघत होती. हाताखालच्या माणसावर आपली चूक लादणारे अधिकारी सुभेदारांनी नोकरीत पाहिले होते आणि मनातल्या मनात त्यांच्या नावानं थुंकले होते.

"छापलं सूनबाईनं," ते म्हणाले. "तारीख मी टाकलेली. तिनं सांगितलं हुतं सरकंल म्हनून. माझंच चुकलं."

हा शब्द या सोप्यात या आवाजात कुणी ऐकलेला नव्हता. हलगीवाल्यानं चुकून एक टिपरी मारली आणि ओशाळून हात आवरला.

"बरं," केरबा म्हणाला. त्यानं पान गुंडाळलं. "तारखेचं कळलं. चुकलेल्या तारखेला आलो, मंजे आमीबी चुकलोच. चला रं, गाड्या फिरवा."

आणि तो खरंच वळला. बनाबाईनं पोरांना गोळा करायला सुरुवात केली.

"थांब रं," शालूबाई म्हणाल्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि नवऱ्याकडं वळल्या. "आवं, पैज हरलाय न्हवं तुमी?"

"हरलोय."

"सांगशील त्ये करीन म्हनालाता. आता सांगते. त्याला तोंडानं 'ये' म्हना."

सुभेदारांनी घसा साफ केला. साठ फोनांतून वाचवलेला घसा तो, पण नेमका आता बसला. एकदा आवाज आला नाही. दुसऱ्यांदा आला.

"केरबा."

"जी."

"ये. जेवायला ये."

केरबानं पायातल्या चपला काढल्या, नीट जोडीनं ठेवल्या आणि पायरी चढला. चढताना त्यानं दाजींचे पाय धरले की दाजींनी त्याला अर्ध्यात धरलं, यावर आळीत अजून एकमत नाही. मात्र हलगी जी सुटली ती आष्ट्याच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेली.

आता पंचवीस माणसांना जेवायला काय? शालूबाईंनी साबुदाणा भिजवला होता तो घरच्या तिघांचा, आणि साबुदाणा काही ऐन वेळी भिजत नाही. पण सगळी आळी उपासाला होती, म्हणजे घरोघरी पातेलं भिजलेलंच होतं. सोनम एका दारापासून दुसऱ्या दारात पळत सुटली. घटकेत बायका रांगेनं यायला लागल्या; कुणाकडं खिचडी, कुणाकडं वरीचा भात, कुणाकडं शेंगदाण्याची आमटी, कुणाकडं उकडलेली रताळी. हलगीवाला प्रत्येक पातेल्याला वेगळा ठेका देत होता. आकारामनं घरातून खिचडीचं अख्खं पातेलं डोक्यावर घेऊन आणलं, आणि ते त्यानं आणलं म्हणून त्याला पहिल्या पंगतीत बसवावं लागलं, आणि पहिल्या पंगतीत बसला म्हणून त्याला रुसवा सोडावा लागला. सुभेदार धोतर खोचून स्वतः आमटी वाढत होते आणि ज्याला नको त्यालाही वाढत होते. बनाबाईची पोरं टीव्हीपुढं नाचत होती, टुंग झालं की ओरडत होती. तासगावच्या आत्याला कुणीतरी व्हिडिओ पाठवला, तिनं तिथूनच फोन केला की सुभेदारांची दुसरी यात्रा आहे हे मला का कळवलं नाही.

शालूबाईंनी सुभेदारांच्या शेजारी ताट मांडलं. वर दुसरं झाकायला त्यांचा हात सवयीनं गेला, मग थांबला. त्यांनी ते दुसरं ताट सरळ करून हलगीवाल्याला दिलं.

केरबानं पहिला घास घेतला. चार वर्षांनी. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"मिठाला कमी हाय," तो म्हणाला.

"असू दे," शालूबाई म्हणाल्या. "बस, आणते." त्या आत गेल्या आणि मिठाची बरणी हाताशी असूनही बाहेर यायला त्यांना बराच वेळ लागला.

पाहुणे राहिले. सूचनेत खारा नैवेद्य लिहिला होता, तो द्वादशीला होणार, मंगळवारी. केरबानं बोकड आणलाच होता. पण मंगळवारी सकाळी सुरी घेऊन माणूस आला तेव्हा शालूबाई आडव्या उभ्या राहिल्या. एकादशीला उंबऱ्यात आलेलं जनावर आहे, मी त्याला कुंकू लावलंय, वरीचा भात चारलाय. ह्याला हात लावायचा नाही. भाऊ म्हणाला, आक्का, त्यो मटणासाठीच आणलाय. आक्का म्हणाल्या, तू पण चार वर्षं मटणाच्या पंगतीला आला न्हाईस, आन् खिचडीवर बसलासच की. केरबानं बोकडाचं दावं बहिणीच्या हातात दिलं. सुभेदारांनी गाडी काढली आणि शेजारच्या गावातून दोन बोकड आणले; एक पुरला नसता, कारण दुसऱ्या यात्रेची बातमी ऐकून तासगावची आत्या आणि मिरजेचे व्याही निघाले होते, आणि त्यांच्या मागं बाकीचे रुसलेलेही.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर सोनमनं फोन हातात घेतला. फोननं विचारलं, फक्त ही नोंद काढायची की यापुढच्या सर्व? तिनं सासऱ्यांकडं बघितलं. सासऱ्यांनी सासूकडं बघितलं.

"कशाला काढतीस," शालूबाई म्हणाल्या. "राहू दे की. बोलवायचं कष्ट तरी वाचतात ह्यांचं."

तेव्हा शेवटचा हिशेब असा. सोनमनं दोन संध्याकाळी आणि एक पळापळ भरली. आकारामनं तीन महिने जिवापाड सांभाळलेला रुसवा एका पातेल्यापायी घालवला. केरबानं चार यात्रांचं मटण आणि दोन गाड्यांचं डिझेल भरलं. सुभेदारांनी दोन शब्द भरले, दोन बोकड भरले, आणि यापुढं दरसाल एक यात्रा तिथीची आणि एक तारखेची, अशा दोन भरायच्या आहेत. फोन बदलला तरी सुटका नाही, ते सगळं वर कुठंतरी साठून राहतं, असं सुनेनं त्यांना नीट समजावून सांगितलं आहे. शालूबाईंनी या खेपेला काही भरलं नाही, त्यांनी चार वर्षं झाकलेल्या ताटांत आगाऊच भरून ठेवलं होतं. आणि तो काळा बोकड. त्यानं गेल्या रात्री सोप्यातल्या भिंतीवरून एप्रिलचं पान ओढून सूचना क्रमांक तीनसकट खाल्लं, सध्या उसाचं वाढं खाऊन तुकतुकीत झाला आहे, आणि आजतागायत त्यानं एक कवडीही भरलेली नाही. उलट त्या पानाचं येणं त्याच्याच नावावर निघतं.